‘मॅडम, कोणाला सांगू नका’ असे विद्यार्थिनी म्हणते तेव्हा

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका खेड्यातल्या अनुदानित माध्यमिक शाळेत नववीची वर्गशिक्षिका आहे. वर्गात साठ विद्यार्थी असून त्यांपैकी बऱ्याच जणांचे आईवडील ऊसतोडीला जातात. त्यांतील एका मुलीबद्दल लिहीत आहे. दिवाळीनंतर आईवडील कारखान्यावर गेले, तेव्हापासून ती आजीजवळ राहते आणि तिसरीतल्या धाकट्या भावाचेही तीच पाहते. पहिल्या सत्रात पुढच्या बाकावर बसणारी ही मुलगी आता मागे बसते, तासाला झोपते, डबा उघडत नाही. ‘माझे ध्येय’ या निबंधात तिने लिहिले की तिला काहीच व्हायचे नाही आणि ती नसली तर आजीचा भार कमी होईल. शाळा सुटल्यावर थांबवून विचारले तेव्हा ती रडली, आणि मनगटाच्या वर कापल्याचे व्रण मला दिसले. तिच्यासाठी स्थळ पाहत आहेत, असेही वर्गातल्या मुलींकडून कळते. ‘मॅडम, कोणाला सांगू नका,’ असे ती म्हणाली आणि मी तसा शब्द दिला. मुख्याध्यापक म्हणतात की आपण शिकवावे, घरच्या भानगडीत पडू नये. शाळेत समुपदेशक नाही. मी शब्द मोडू का? आणि आमच्यासारखी शाळा अशा मुलीसाठी नेमके काय करू शकते?

उत्तर :

मॅडम, सप्रेम नमस्कार.

शब्द मोडावा लागेल, आणि तो तिला आधी सांगून मोडावा. मुलीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट तिच्या पाठीमागे मुख्याध्यापकांच्या खोलीत पोहोचली, तर पुढच्या वेळी ती कोणालाच काही सांगणार नाही; पण ती गोष्ट तुमच्या एकटीच्या मनात राहिली, तर एखाद्या रात्री तिला मदतीची गरज असेल आणि ते ठाऊक असलेली एकमेव व्यक्ती दहा किलोमीटरवर झोपलेली असेल. म्हणून उद्याच, शक्य तर पहिल्या दोन तासांतच, तिला बाजूला घेऊन साध्या शब्दांत सांगावे : “त्या दिवशी मी कोणाला सांगणार नाही असं म्हणाले. पण तुझ्या जिवाला धोका असेल तर ते मला एकटीला सांभाळता येणार नाही. एक-दोन माणसांना सांगावं लागेल. ती कोण असावीत, ते आपण दोघी मिळून ठरवू.” बहुतेक मुले यावर रागावतात, काही रडतात, आणि पुष्कळांना मनातून सुटल्यासारखे वाटते, कारण गुपिताचे ओझे त्यांनाही पेलत नसते. यापुढे कोणत्याही विद्यार्थ्याशी असे बोलणे सुरू करतानाच, जिवाचा किंवा छळाचा प्रश्न असेल तर मला सांगावे लागेल, एवढी अट आधी सांगून टाकावी.

त्याच भेटीत तिला एक प्रश्न सरळ विचारावा. “तुला मरून जावंसं वाटतं का? तसं करायचा विचार मनात येतो का? कधी, कसं, हे काही ठरवलं आहेस का?” हे शब्द उच्चारायला शिक्षकांना भीती वाटते, आपण विचारले तर नसलेला विचार तिच्या मनात रुजेल, असे त्यांना वाटते. या क्षेत्रातील संशोधन आणि समुपदेशकांचा अनुभव याच्या उलट आहे : विचारल्याने धोका वाढत नाही, बोलायला वाट मिळते. आडवळणाने, ‘तसलं काही वेडंवाकडं तर नाही ना मनात?’ असे विचारले, तर मात्र मूल आपल्याला हवे असलेले उत्तर देते आणि आपण निर्धास्त होतो.

तिने हो म्हटले आणि काही ठरवलेले आहे असे जाणवले, तर त्या दिवशी तिला एकटी घरी पाठवू नये. आजीला शाळेत बोलावून घ्यावे, तोवर कोणीतरी मोठे माणूस तिच्याजवळ बसलेले असावे, आणि १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर फोन करावा. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास विनामूल्य चालते, तेथे मराठीत बोलता येते, आणि मुलीच्या वतीने शिक्षकालाही मार्गदर्शन मागता येते. प्रत्यक्ष तपासणीसाठी बीडच्या जिल्हा रुग्णालयात, किंवा तुमचे गाव अंबाजोगाईकडे असेल तर तेथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात न्यावे. शरीराला इजा झालेली असेल तर १०८ची रुग्णवाहिका बोलवावी. आजीशी एक गोष्ट आवर्जून बोलावी, आणि ती मुलीच्या समोर बोलू नये : घरात फवारणीचे औषध, तणनाशक किंवा उंदराचे औषध असेल तर ते त्याच दिवशी घराबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात गेले पाहिजे. टोकाची इच्छा अनेकदा थोड्या वेळापुरतीच तीव्र असते, आणि तेवढ्या वेळात साधन हाताशी नसणे, यानेच पुष्कळ जीव वाचतात.

तिने नाही म्हटले, तरी व्रणांचा प्रश्न राहतोच. अनेक किशोरवयीन मुले मरण्यासाठी कापून घेत नाहीत; आत जे साचले आहे ते क्षणभर सुसह्य व्हावे म्हणून कापतात. म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही, कारण अशा मुलांमध्ये पुढचा धोका इतरांपेक्षा जास्तच असतो, पण त्याला नाटक म्हणणेही चूक आहे. ‘आईची शपथ घे, पुन्हा करणार नाहीस’ हा आपल्याकडचा नेहमीचा उपाय येथे टाळावा. शपथ मोडते तेव्हा मुलीच्या वाट्याला आधीच्या दुःखावर अपराधीपणाचा थर चढतो आणि ती व्रण अधिक चांगले लपवायला शिकते. तिच्या बाह्या वर करून कोणाला दाखवू नये. निबंधाच्या पानाचा फोटो शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. हे सांगावे लागते याचे वाईट वाटते, पण मुलांच्या खासगी गोष्टी फुटण्याचे सर्वांत मोठे ठिकाण शिक्षककक्ष हेच असते.

बोलता बोलता घरात, शेजारी, वाटेवर किंवा शाळेतच कोणी तिच्याशी लैंगिक गैरवर्तन केल्याचे तिने सांगितले, किंवा तसा सबळ संशय आला, तर पुढचा निर्णय तुमच्या किंवा मुख्याध्यापकांच्या मर्जीवर राहत नाही. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे ‘पॉक्सो’ कायद्याच्या कलम १९ नुसार ही माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि आपल्या हाताखालच्या व्यक्तीने केलेला गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते, तर प्रामाणिक हेतूने माहिती देणाऱ्याला तोच कायदा संरक्षण देतो. अशा वेळी खोदून खोदून विचारू नये आणि तिला तीच हकिगत चार जणांपुढे सांगायला लावू नये. तिने जे सांगितले ते तिच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवावे आणि पुढची चौकशी ज्यांचे काम आहे त्यांच्यावर सोपवावी.

आता लग्नाविषयी. मुलीच्या मनातील अंधार आणि घरातली स्थळाची बोलणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे मला तुमचे पत्र वाचून वाटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले होते. बीड जिल्ह्यात हे प्रमाण सुमारे ४४ टक्के होते. त्यामागचे हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत. मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) एका कोयत्यावर, म्हणजे नवराबायकोच्या जोडीवर मिळते. लग्न झाले की नवा कोयता तयार होतो. आणि वयात आलेली मुलगी सहा महिने म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर गावात ठेवायची, की उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत न्यायची, या दोन्हींची धास्ती आईबापांना असते. त्यांना लग्न हा सुरक्षिततेचा मार्ग वाटतो. हे समजून घेतल्याशिवाय त्यांच्याशी बोलायला गेले, तर ‘शाळा आमच्यावर केस करणार’ एवढेच त्यांच्या कानावर पडेल आणि लग्न दुसऱ्या गावी, गुपचूप लागेल.

म्हणून आईशी फोनवर तुम्हीच बोलावे, आणि शक्य तोवर मुकादमाच्या फोनवरून बोलू नये, कारण ते बोलणे संध्याकाळपर्यंत साऱ्या टोळीला कळते. पहिल्या फोनमध्ये कायदा काढू नये. मुलीची तब्येत बरी नाही, ती जेवत नाही, तिने स्वतःला इजा करून घेतली आहे, डॉक्टरांना दाखवायचे आहे आणि आजीला तुमची परवानगी हवी आहे, असे क्रमाने सांगावे. तुमच्यामुळे झाले असे सूचित होऊ देऊ नये. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी आईने मुलीशी फोनवर बोलावे, आणि ते बोलणे ‘भावाला जेवायला घातलंस का’ यापलीकडे जावे, एवढे मागणे पुष्कळ आहे. घरातूनच कोणी तिला त्रास देत असल्याचा संशय असेल, तर मात्र कुटुंबाशी बोलण्याआधी १०९८ या बालमदत क्रमांकाचा किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा सल्ला घ्यावा.

कायद्याची बाजू तुम्ही तयार ठेवावी, पण ती दुसऱ्या टप्प्यावर काढावी. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ प्रमाणे मुलीचे वय अठरा किंवा मुलाचे एकवीस पूर्ण झालेले नसेल तर लग्न लावणारे, ठरवणारे आणि त्याला हातभार लावणारे दोन वर्षांपर्यंतच्या सश्रम कारावासाला आणि एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडाला पात्र ठरतात. आपल्या राज्यात गावपातळीवर ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. सुपारी फुटल्याचे कळताच त्याला लेखी कळवावे आणि १०९८वर फोन करावा. बालविवाहाच्या तोंडावर असलेले मूल बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल ठरते आणि जिल्ह्याची बालकल्याण समिती त्यात आदेश देऊ शकते. टोळ्या परतायची वेळ आणि अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त जवळजवळ लागून येतात. कायदा करणाऱ्यांनाही हे ठाऊक असावे, कारण अक्षय्य तृतीयेसारख्या दिवशी होणारे सामूहिक बालविवाह रोखण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांनाच प्रतिबंधक अधिकारी मानले जाईल, अशी तरतूद बालविवाह प्रतिबंध अधिनियमात नाव घेऊन केलेली आहे.

तुमच्या मुख्याध्यापकांच्या भीतीकडे वळतो. ती दुष्टपणाची नाही; शाळेच्या नावाची, पोलिसांची आणि संस्थाचालकांच्या फोनची ती भीती आहे. त्यांना दोन गोष्टी शांतपणे दाखवाव्यात. पहिली, मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर येते. मुलीवर गुन्हा दाखल होईल म्हणून लपवण्याचे कारण नाही. दुसरी, जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणम येथील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आणि त्यांत शाळाही येतात. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा अथवा त्याची सेवा घ्यावी, त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे, कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे आणि मदत क्रमांक वर्गांत ठळक लावावेत, असे त्यांत सांगितले आहे. ‘घरची भानगड’ हा शब्द त्यानंतर मुख्याध्यापकांनाही अडचणीत आणणारा आहे.

खेड्यातल्या अनुदानित शाळेला पूर्णवेळ समुपदेशक उद्या मिळणार नाही, हे मान्य करूनही पुष्कळ काही शिल्लक राहते. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातून शासकीय रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक चालते. तेथील समुपदेशकाचे नाव, वार आणि फोन शाळेने आजच टिपून ठेवावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीसाठी शाळेत येते तेव्हा उंची-वजनाबरोबर ज्यांची झोप-भूक बिघडली आहे अशा मुलांचाही विषय काढावा. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत ‘सखी सावित्री’ समिती असणे अपेक्षित आहे, आणि अनेक शाळांत ती कागदावर असतेच. तिचा उपयोग गळती, येण्याजाण्याची सुरक्षितता, बालविवाहविरोधी जाणीव अशा सर्वसाधारण कामांसाठी जरूर करावा; पण या मुलीचे नाव त्या बैठकीत घेऊ नये. गाव लहान असते आणि बैठकीतले नाव चहा संपेपर्यंत पारावर जाते. तिच्याबद्दल पूर्ण माहिती असणारी माणसे तिघेच असावीत : तुम्ही, मुख्याध्यापक आणि तिने निवडलेली आणखी एक शिक्षिका, म्हणजे तुम्ही रजेवर असाल त्या दिवशीही कोणीतरी असेल.

शाळेने मुलीला रोज द्यायची गोष्ट याहून साधी आहे, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाचीही आहे. प्रार्थनेनंतर किंवा मधल्या सुट्टीत, ठरलेल्या वेळी, पाच-दहा मिनिटे तिच्याशी बोलणारे एकच माणूस. दर वेळी मोठे विषय काढायचे नाहीत. काल झोप लागली का, भाऊ शाळेत गेला का, आज डबा काय आणला, एवढे पुरे. ज्या दिवशी ती येणार नाही त्या दिवशी अकराच्या आत आजीकडे फोन गेला पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ‘काल कुठे होतीस?’ असे सर्वांदेखत विचारले जाऊ नये. गृहपाठ महिनाभर निम्मा करावा. तासाला झोपली तर उठवून उभे करू नये. पहाटे पाणी भरून, भाकरी थापून, भावाला आवरून ती येते, तिची झोप आळसाची नाही. भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल तर तेथील गुरुजींशी बोलून त्याचे जाणे-येणे शेजारच्या मुलांबरोबर लावून द्यावे. पंधरा मिनिटांचे हे काम तिच्या डोक्यावरून बरेच काही उतरवील. तिला पुन्हा पुढच्या बाकावर बसवण्याची घाई नको, पण फळ्यावर सुविचार लिहिणे किंवा ग्रंथालयाच्या पेटीची नोंद ठेवणे असे एखादे काम तिला सोपवावे, आणि ते दया म्हणून दिले आहे असे कोणाला वाटू नये.

याउलट बाहेरच्या वक्त्याचे ‘किशोरवयीन मुलींच्या समस्या’ या विषयावरचे तासाभराचे भाषण, ज्याची सूचना तुमच्या सहकाऱ्यांपैकी कोणीतरी करीलच, त्याचा या मुलीला जवळजवळ काही उपयोग नाही. सभागृहात दोनशे मुलींत बसलेल्या मुलीला ते आपल्यासाठी आहे असे वाटत नाही. वाटलेच तर सगळे आपल्याकडे पाहत आहेत असे वाटते. त्या भाषणाचे पैसे वाचवून शिक्षकांच्या प्रशिक्षणाला द्यावेत.

आणखी एक गोष्ट, तुम्ही विचारलेली नसली तरी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. महाराष्ट्र त्या सर्वेक्षणात नव्हता, तरी तो आकडा तुमच्या साठ जणांच्या वर्गाला लावून पाहिला तर चार मुले होतात. मुली गप्प होतात, निबंधात लिहितात, म्हणून कधीतरी लक्षात येतात. मुलांचे दुःख मारामारी, तंबाखू, शिक्षकाला उलट बोलणे अशा रूपाने बाहेर पडते आणि आपण त्याला ‘वाया गेलेला’ म्हणून दाखला काढायला सांगतो. मागच्या बाकावर तिच्या शेजारच्या रांगेत असा कोणी आहे का, हेही एकदा पाहावे.

स्वतःकडेही थोडे पाहा. प्रत्येक बोलण्याची दोन ओळींची, तारखेसह नोंद वेगळ्या वहीत ठेवा आणि ती वही कुलपात ठेवा; उद्या कोणी प्रश्न विचारला तर ती तुमचा आधार ठरेल. तिच्या जिवाची हमी तुम्ही देऊ शकत नाही, आणि ती तुमच्याकडून कोणी मागूही नये. १४४१६ हा क्रमांक शिक्षकांसाठीही आहे.

हंगाम संपून आईवडील गावी आले की दोन-चार दिवसांतच त्यांना शाळेत बोलवावे, निकालाची वाट पाहू नये. तोवर तब्येतीविषयी फोनवर बोलणे झालेले असेल, म्हणून या भेटीचा विषय दहावीच्या वर्षाचा ठेवावा : पुढच्या दिवाळीला तुम्ही निघालात की ही कोठे राहणार? ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली असून ती सामाजिक न्याय विभागाकडून चालते. तुमच्या तालुक्यातील मुलींच्या वसतिगृहात जागा आहे का, हे तुम्ही स्वतः आधी पाहून यावे, गृहपालांशी बोलावे, आणि मुलगी उपचार घेत असेल तर ती तेथे राहू शकेल का हे डॉक्टरांनाही विचारावे. मुलीचे मत त्या भेटीच्या आधी तिला एकटीला विचारलेले असावे. काही मुलींना वसतिगृह म्हणजे सुटका वाटते, काहींना आजीला सोडणेच असह्य वाटते, आणि मग शेजारची मावशी किंवा जवळच्या गावची आत्या हा पर्याय शोधावा लागतो. वसतिगृह पसंत पडले तर अर्ज आणि लागणारी कागदपत्रे टेबलावर तयार ठेवावीत आणि आईची सही किंवा अंगठा त्याच दिवशी घ्यावा, म्हणजे ती कोठे राहणार या प्रश्नाचे उत्तर अक्षय्य तृतीयेच्या आधी घरात पोहोचलेले असेल.